कशफचं वर्षाचं टार्गेट

माहा स्वभाव तिखट हाय, हे आख्ख्या दिग्रसले माहीत हाय. बसस्टँडच्या मागं पंधरा वर्षांपासून माहा कॉम्प्युटरचा क्लास हाय, अन् नलूबाईच्या क्लासात झोपलं त डस्टर अंगावर येते असं पोट्टे सांगते. येतेच. पण कशफवर मी कधी आवाज चढवला नाई. एकदा चढवायले पायजे होता, ते राहून गेलं.

कशफ जमीरभाईची पोरगी. जमीरभाईचं बाजारात फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान हाय. दुकान कायचं, खोकंच ते. वायसर, नोझल, पट्टे टांगलेले, अन् औषधाचा उग्र वास. त्या वासात बसून पोरीनं अभ्यास केला, यवतमाळले राहून बीएस्सी काढली, अन् सारे पुण्याकडं पळत असतानी ही परत आली. सकाळी माह्या क्लासात शिकवे, दुपारून तिथंच बसून तिचं ‘खुलं काम’ करे.

आता हे खुलं काम काय ते समजून घ्या, नाई त म्हणान, बाई काय बडबडून राह्यली. जगात काही कॉम्प्युटर प्रोग्राम असे हाय का त्याले कोणी कुलूप लावत नाई. कोणीबी उघडा, सुधरवा, फुकट वापरा. हजारो लोक पगार न घेता त्यावर राबते. पण अशा मंडळीतले लोक कधी कधी थकते, एकेक करून गप होते, अन् एक दिवस सारं काम बंद पडते. मंग देशोदेशीच्या काही लोकांनी ठरवलं का अशा मंडळीची तब्येतच आकड्यांनी मोजायची. कोण किती दिवसांत उत्तर देते, नवा माणूस टिकते का पळते, कोण गप झाला. त्या कामाच्या मराठी गटाची प्रमुख म्हणजे आमची कशफ. “मॅडम, बोंड बाहेरून हिरवं असते अन् आत अळी,” ती म्हणे. “आपल्याले आतलं आधी दिसलं पायजे.”

गटात चौदा जण. उमरखेडपासून बोरी अरबपर्यंत पसरलेले, बहुतेक माह्याच क्लासातून शिकून गेलेले. त्यात संघर्ष नावाचा पोट्टा म्हणजे हिरा. सव्वीस वर्षांचा, पुसद रोडवरच्या एका खेड्यातला, घरात तो अन् माय बेबीताई. हंगामात लोकाच्या वावरात फवारणीले जाये, बाकी वेळ मोबाइलवर मराठी भाषांतर. शुद्धलेखन असं का अनुस्वार सुटला त त्याले जेवण गोड लागत नसे.

२०१७ साल लागलं अन् वरून निरोप आला का प्रत्येक गटानं वर्षाचे उद्देश लिहून द्या. कशफनं तीन लिहिले. सारी कागदपत्रं मराठीत आणायची, नव्या माणसाले दोन दिवसांत उत्तर द्यायचं, अन् तिसरा तिचा सोताचा. वर्षभर आपल्या गटातला एकबी माणूस गप होऊ द्यायचा नाई. त्यासाठी वरच्यांनी वीस प्रश्नांचा फॉर्म धाडलता. मले हसूच आलं. म्हणलं, “कायले वं तो फॉर्म? आपल्याकडं असं इचारते का कोणी? दर रविवारी सरळ इचार, कसं हाय?” तिले पटलं. रविवारी दहाच्या ठोक्याले चौदाही मोबाइलवर प्रोग्राममधून आपोआप प्रश्न जायले लागला: “कसं हाय?” दोन दिवसांत उत्तर आलं त तक्त्यावर हिरवी खूण, नाई त लाल. “टार्गेट एकच,” कशफ साऱ्यांले सांगे, “एकबी लाल नको.”

ते दोन शब्द माहे होते. हे मी लपवत नाई.

अन् आपल्या वऱ्हाडात “कसं हाय” ले उत्तर काय असते? “बरं हाय.” घर जळून राह्यलं असलं तरी बरं हाय. माणसाले बाजेवर टाकून दवाखान्यात नेतानी वाटेत कोणी इचारलं, त तो मान उचलून म्हणते, बरं हाय. हे मले माहीत नव्हतं का? बावन्न वर्षं इथंच काढली ना बापा! पण तक्ता हिरवागार दिसे अन् मले बरं वाटे. जूनपर्यंत एक लाल नाई. मी तो छापून क्लासाच्या भिंतीवर लावला.

त्या साली कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली. अळी काही हटेना, लोक औषधावर औषध मारे, अन् उंच कपाशीवर मारलेलं सारं फवारणाऱ्याच्या तोंडावर परत ये. सप्टेंबरात जमीरभाई एक दिवस म्हणाले, “नलूबाई, यंदा मामला ठीक नाई दिसून राह्यला. पंप घेऊन येते लोक, अन् झाकण लावतानी चाचपडते. काल एकानं पाण्याचा गिलास समजून रॉकेलच्या डब्याले हात घातला.” मी म्हणलं, “झोप नसन झाली.” घ्या! हे माहं शहाणपण.

त्याच महिन्यात संघर्षची उत्तरं बदलली. आधी ये “बरं हाय, ताई.” मंग आलं “बर हाय.” मंग “बर हय.” माहं डोकंच फिरलं. फोन लावून झापला त्याले, “काय बे, अनुस्वार इकून खाल्ले का?” तो हसला, “चुकलं बाई” म्हणे. आवाज जड होता. मले वाटलं नुकताच उठला असन.

कशफले मात्र खटकलं. “मॅडम, हा असं लिहीत नसते,” ती दोनदा म्हणाली. पण प्रोग्रामले अनुस्वार कळत नाई, उत्तर आलं का हिरवं. सप्टेंबर गटाचा सर्वांत चांगला महिना ठरला. वरून शाबासकी आली, अन् पुढच्या वर्षी साऱ्या देशांतल्या गटांनी हीच रीत घ्यावी, असं बोलणं सुरू झालं. पोरगी हरखली. तेव्हाच मी तिच्यावर ओरडायले पायजे होतं, का ठेव तो तक्ता अन् जा पोट्ट्याच्या घरी. पण मीबी डोळ्यांवर कातडं ओढून बसली.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी उत्तर आलं: “बप हस.” तक्त्यावर हिरवी खूण. कशफ मोबाइल घेऊन तशीच बापाच्या दुकानात गेली, मी तिच्या मागं. जमीरभाईंनी वाचलं, हातातला पाना खाली ठेवला अन् इचारलं, “हा फवारणीले जाते का?”

“हो अब्बू.”

“या अल्ला. बेटा, याले दिसून नाई राह्यलं.”

एका मोटारसायकलवर तिघं निघालो. दोन्हीकडं कपाशी उभी. भर सकाळी वावरात एक माणूस दिसत नव्हता, नुसता पंपांचा घरघर आवाज. म्हणजे माणसं होती आत, कपाशीत बुडालेली.

संघर्ष ओसरीत पडून होता. तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. बेबीताई कांदा फोडून नाकाले लावून राह्यल्या होत्या. कशफनं हाक मारली, “संघर्ष, कसं हाय रे?” तो आवाजाकडं वळला, आमच्याकडं नाई. “बरं हाय, ताई,” म्हणे.

जीप करून यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. त्याच्यासारखेच किती तरी होते तिथं. डॉक्टर पोरं बिचारी धावून राह्यली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी संघर्ष गेला. कशफनं त्यानंतर तक्ता उघडलाच नाई. त्याचं नाव कापायले तिचा हात होईना, अन् मी तरी कोणत्या तोंडानं सांगू?

डिसेंबर सरत आला. वर्षाचे उद्देश पुरे झाले का नाई, ते भरून द्यायचा दिवस. कशफनं क्लासात बसून जवळजवळ तीन महिन्यांनी तक्ता उघडला अन् कुर्चीवरून उठून उभी राह्यली. चौदाही ओळी हिरव्या. संघर्षची ओळ हिरवी, गेल्या रविवारपर्यंत. खाली प्रोग्रामनं आपणच लिहिलं होतं: तिसरा उद्देश शंभर टक्के पूर्ण. “मॅडम,” ती म्हणे, “हे कोण लिहून राह्यलं?”

आमची काही हिंमत होईना फोन लावायची. दुसऱ्या दिवशी दुपारी बेबीताईच दारात उभ्या. एसटीनं आल्या होत्या, पदरात त्याचा मोबाइल गुंडाळलेला.

“जयभीम, बाई,” त्या म्हणाल्या अन् कशफसमोर बसल्या. “मले वाचता येत नाई, पोरी. दवाखान्यात त्यानं चाचपत माहं बोट धरून दाखवलं, घंटी वाजली का इथं दाबजो, अंगठ्याचं चित्र जाते, तेबी उत्तरच धरते. म्हणे, ताईचं वर्षाचं टार्गेट हाय, माह्यामुळं हुकू नये. डिसेंबरपर्यंत दाबजो. एकबी रविवार चुकवला नाई मी.” मंग त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला. “आता डिसेंबर संपून राह्यला. पुढं दाबू का नको, ते इचारायले आली.”