प्रोसेक्कोच्या मण्यांची फुगवण

आमचे साहेब इटलीचे. प्रोसेक्को नावाची फसफसणारी वाइन ज्या डोंगरांत होते, तिथले. कतारमधल्या मुशैरिबच्या ऑफिसात वर्षभर आमच्या ड्रॉइंगमधल्या चुका काढायच्या आणि कॉन्ट्रॅक्ट संपत आलं की एकेकाला दारूचा परवाना असलेल्या हॉटेलात नेऊन तीच वाइन पाजायची, ही त्यांची पद्धत. ग्लास हातात असला की माणूस कळतो म्हणे. वर्षभर शेजारी बसून कळत नसावा.

त्याच आठवड्यात तासगावहून वडिलांचा फोन आला होता. "आक्टोबर छाटणीला येणार हायेस का न्हाई? माझ्यानं आता एकट्यानं हुत न्हाई. न्हाईतर द्राक्षबाग काढून टाकतो."

"कॉन्ट्रॅक्टचं कळू दे, आबा, मग सांगतो," मी म्हणालो. नाही न म्हणता नाही म्हणायला मी कतारमध्ये उत्तम शिकलोय.

शुक्रवारी माझी पाळी आली. दुपारी हॉटेलात ग्लास भरून साहेबांनी मोबाइलवर घरची बाग दाखवली. उतार असा की कौलांवर वेली लावल्यात असं वाटावं. ट्रॅक्टर चढत नाही, तोडणी सगळी हातानं. "वा वा" म्हणून गप्प बसायचं, तर माझ्यातला बागायतदार जागा झाला. सहा वर्षं बागेत पाऊल न टाकलेला बागायतदार!

"सर, मणी फारच बारीक राहिलेत. विरळणी केली नाही वाटतं? घड दोनदा संजीवकात बुडवा, मणी असा फुगतो!" मी अंगठा वर करून मापही दाखवलं.

वाइनला बारीकच मणी लागतो, हे ज्ञान मला नंतर झालं. साहेबांनी ग्लास खाली ठेवला. खलास, गेलं कॉन्ट्रॅक्ट. आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं. आता ठरवायचं काही उरलंच नव्हतं.

पण साहेब खदखदून हसले. "तुमची बाग कोण बघतं?"

"वडील."

"माझीही वडीलच. कधी येतोस, विचारत असतात." त्यांनी माझा ग्लास भरला. "तुझी दोन वर्षं वाढवली आहेत."

मी थँक्यू म्हणालो. बाहेर येऊन आबांना फोन लावून दोन वर्षांचं सांगितलं.

"चांगलं झालं की," ते म्हणाले. "मग वेली काढायला उद्या माणसं सांगतो."

लाज वाटली. नका काढू, मी येतो, एवढंच म्हणायचं होतं.

मी "बरं" म्हणालो.