इंग्रजी साहित्याची भावकी

मखमलाबादच्या पुंजाला दोन गोष्टींचा माज होता. एक त्याची मिशी आणि दुसरी त्याची लेक दीपमाला, जी नाशकात कॉलेजला जाऊन इंग्रजी साहित्य शिकत होती. मिशी सगळ्यांना दिसायची, त्यामुळे तिच्याबद्दल कुणी काही विचारत नसे. साहित्य दिसत नव्हतं, तिथंच घोटाळा झाला.

अठ्ठ्याण्णवच्या नवरात्रात नाशकाच्या फूलबाजारात भिकननं त्याला गाठलं. भिकनही फुलंच पिकवायचा, पण दुसऱ्याचं नाक कापण्यात त्याचा हात जास्त बसला होता.

"पुंजाशेठ, पोरगी शिकती काय नेमकं?"

"इंग्रजी साहित्य."

"म्हंजे काय?"

पुंजानं तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. आजूबाजूचे फिदीफिदी हसले. पुंजाचं डोकं म्हणजे वाळलेलं पाचट, ठिणगी पडायचा अवकाश.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी इथंच सांगतो, पार मुळापासून! सगळे 'पटलं' म्हणले नाय तर ही मिशी भादरून टाकीन!"

त्या रात्रीपासून दीपमाला हार ओवता ओवता बापाला शिकवू लागली.

"आप्पा, माणसानं जे सोसलं, भोगलं, ते असं मांडायचं की परक्यालाही आपलंच वाटलं पाहिजे. ते साहित्य."

"मंग लाइट गेल्यावर मी बोर्डाला अर्ज करतो, ते साहित्यच की."

"तुमचा अर्ज साहेबसुद्धा वाचत नाही, आप्पा. साहित्य लोक आपणहून वाचतात."

पुंजाला साल-शतक काही लक्षात राहीना. शेवटी त्यानं सगळं भावकीत बसवलं. कोण कुणाचा पोरगा, कोण वेगळा निघाला, कुणी कुणाचा बांध कोरला. एवढं मात्र त्याला उपजत कळायचं.

दसऱ्याचा दुसरा दिवस उजाडला. आदल्या दिवशी सोन्यासारख्या विकलेल्या झेंडूला आज कुत्रं विचारत नव्हतं, म्हणून सगळा बाजार ऐकायला मोकळा. भिकननं न्हाव्याला आधीच आणून बसवलं होतं. पुंजाची थोरली बहीण चिमणाबाईही होती. तिचं सासर जवळच, तीही फुलं विकायची. दिवाळी झाली की तिनं बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही द्यायची, असं पुंजानं परस्पर ठरवून टाकलं होतं. मुलींना हिस्सा देणारा कायदा होऊन चार वर्षं झाली होती. पण कायदा मुंबईत होतो आणि मखमलाबादला एसटीनं येतो. एसटीचं आपल्याला माहीतच आहे.

पुंजा क्रेटवर चढला.

"ऐका! त्या घरात सगळ्यात थोरली कविता. घरात कुणाला लिहिता येत नव्हतं, तवापासून ती शेकोटीपाशी बसून लढाया गायची. तवाची इंग्रजी आताच्या इंग्रजालाबी कळत नाय. मंग फ्रेंच आला. घरजावई! घरात घुसला आन् मालकच झाला. बडे लोक त्याची भाषा बोलायचे, गडीमाणसं इंग्रजी. दोघांचं शिजता शिजता खिचडी झाली, ती आजची इंग्रजी."

"सासुरवाडीला बसलेला जावई असाच," एक म्हातारा म्हणाला. त्याच्या जावयानं मान खाली घातली.

"त्यात नाटक नावाचं कार्टं निघालं. राणीच्या काळात लय माजलं, सगळं गाव त्याच्या मागं. मंग देवभोळे कारभारी आले, त्यांनी नाटकाच्या घराला कुलूप ठोकलं! पुढं एका पिढीनं सगळं मोजूनमापून, शिस्तीत. त्यांची पोरं कावली आन् डोंगरात जाऊन ओढ्याकाठी रडत बसली. आन् कादंबरी ही धाकटी सून, मागून आली. मासिकातनं हप्त्याहप्त्यानं घरोघर शिरली आन् सारा बाजार खाऊन बसली. आता तर आपल्यासारख्यांचीबी पोरं त्या शेतात पेरत्यात!"

टाळ्या पडल्या. न्हावी वस्तरा गुंडाळू लागला. एवढ्यात चिमणाबाई म्हणाली, "आन् कवितेचं काय झालं?"

"तिचं काय व्हायचंय? थोरली हाय, मान हाय तिला."

"हिस्सा?"

"हिस्सा कशाला? दिवाळीला लुगडं घेतो की आपण... म्हंजे, घेत्यात की ते."

"सगळ्यांना खांद्यावर खेळवलं तिनं, आन् शेत सुनेला? मला नाय पटलं."

"मलाबी नाय," शेजारची गजरेवाली म्हणाली. मग बाजारातल्या एकजात बाया कवितेच्या बाजूनं उभ्या राहिल्या. त्यांतल्या एकीनंही जन्मात कविता वाचलेली नव्हती.

भिकनच्या तोंडाला पाणी सुटलं. "पुंजाशेठ, सगळ्यांनी 'पटलं' म्हणायचं ठरलंय. कवितेला हिस्सा देऊन टाक, दोन शब्दांचं तर काम हाय!"

पुंजानं क्रेटमागं उभ्या असलेल्या दीपमालाकडे पाहिलं. ती म्हणाली, "द्या ना आप्पा. इंग्लंडात आपलं काय जातंय?"

इंग्लंडात काही जात नव्हतं हे खरं. पण भर बाजारात 'थोरल्या बहिणीला हिस्सा' हे शब्द तोंडातून गेले, की चिमणाबाई ते मखमलाबादपर्यंत वाजवत नेणार, हे पुंजाला पक्कं ठाऊक होतं. त्यानं मिशीवरून एकदा हात फिरवला. मिशी परत उगवते, जमीन उगवत नाही. तो क्रेटवरून उतरला आणि न्हाव्यापुढं मांडी घालून बसला.

"काढ."

दीपमालानं कपाळाला हात लावला. मिशी गेली. खालून जो चेहरा निघाला, तो पाहून बाजार पोट धरून हसला. हुबेहूब चिमणाबाई! तेच नाक, तोच फुगलेला वरचा ओठ.

चिमणाबाईनं जवळ येऊन भावाची हनुवटी वर केली आणि चेहरा नीट न्याहाळला.

"एवढ्या केसांच्या जोरावर वारस होतास व्हय रं? ते तर गेले. आता दोघं सारखेच. तलाठ्याकडं कधी जायचं ते सांग. मी सही करणार नाय, मोजणी करणार."

पुंजानं हातानं वरचा ओठ झाकला. भिकन मात्र ओरडला, "पटलं! हे मला पटलं!"