पाकिटावर माझ्या लेकाचं नाव

माझ्या नातीच्या पत्रावर जर्मनीतल्या कचेरीने आडनावाच्या जागी तिच्या बापाचं नाव घातलं, पोस्टमन पत्र परत घेऊन गेला, आणि दोष कुणाचा? नातीचा! हे आधी ऐका.

आता रामराम. माझी नात मुक्ता तिकडे पीएचडी करते, विद्यापीठातच पगारी नोकरी आहे. मी तिला भेटायला निघायच्या आदल्या दिवशी पोरगी फोनवर रडली. राहण्याचा परवाना महिनाअखेर संपतोय, कचेरीतून उत्तर नाही, आणि परवाना नाही तर नोकरी नाही. म्हटलं, थांब, येते.

फ्रँकफुर्टला उतरून रेल्वेने हॅनोव्हर. गाडी तासभर उशिरा. जर्मन लोक वेळेचे पक्के असं मला सांगणारा भेटू दे एकदा! स्टेशनावर संडासाला एक युरो पडतो, सुट्टे जवळ ठेवा. मीठ लावलेला वेटोळा पाव मिळतो, दात शाबूत असतील तरच घ्या. हॅनोव्हरहून पुढे मुक्तासोबत लहान गाडीने. तिच्या शहराचं नाव लिहीत नाही, पोरीला तिथे राहायचंय.

गाडीत विचारलं, "शिकतेस तरी काय?"

"आपल्याकडच्या जुन्या साम्राज्यातले गावपातळीचे अधिकारी. पाच-दहा गावांवर एक गोप असायचा, आजी. कुठल्या घरात किती माणसं, किती जनावरं, सगळं लिहून ठेवायचा."

"म्हणजे तलाठी. कर उकळायलाच ना?"

"गेनाऊ!" बरोबर म्हणायचं असलं की ती असं म्हणते.

"आणि चुकीचं लिहिलं तर?"

"राजाचे हेर साधूच्या वेशात येऊन त्याची मोजणी तपासायचे."

"मग इथे पाठव की एक. मी नेसते भगवं."

पोरगी महिन्यात पहिल्यांदा हसली म्हणे.

दुसऱ्या दिवशी कचेरी. आधी वेळ ठरवल्याशिवाय आत घेत नाहीत, त्याला टेर्मिन म्हणतात. आम्ही तशाच गेलो. थालीपीठं बांधून नेली होती, बाकावर बसून खाल्ली. तीन तासांनी एका बाईने फाइल उघडली. आत परत आलेलं पाकीट! वर 'फ्राऊ दत्तात्रय', म्हणजे दत्तात्रयबाई. दत्तात्रय माझा लेक, गावात गिरणी चालवतो. मुक्ताच्या पत्रपेटीवर आडनाव आहे, शिंगाडे. तिकडे पोस्टमन पेटीवरचं नाव बघूनच पत्र टाकतो.

मुक्ताने पासपोर्ट पुढे केला. बाई म्हणाली, "पत्र नियमाप्रमाणे पाठवलं. त्यात बोलावलेल्या तारखेला तुम्ही आला नाहीत, म्हणून अर्ज बंद केला."

मी मुक्ताला म्हटलं, "विचार तिला, पाकीट परत आलं तेव्हा कुणी उघड्या डोळ्यांनी बघितलं का?"

"आजी, असं नाही विचारता येत."

"मी पाच वर्षं पंचायतीत होते. चौथी शिकलेली. ग्रामसेवकाने नाव चुकवलं तर त्याच्याच पेनाने दुरुस्त करून घ्यायचे. विचार!"

विचारलं. बाईने खांदे उडवले. नवा अर्ज घेतला आणि एक तात्पुरता कागद छापून दिला. त्यावरही दत्तात्रय! दुरुस्तीला म्हणे वेगळा अर्ज, लेखी.

तिकडे शिकायला जाणाऱ्या पोरांनो, पेटीवर तिन्ही नावं चिकटवा, बापाचं सुद्धा. नाव छापलेला कागद तिथेच वाचा, मगच उठा.

उरलेले दहा दिवस बागा बघितल्या, तळी बघितली. हिरवंगार आहे, स्वच्छ आहे, राग काही गेला नाही.

घरी येऊन आठवडा झाला. तो तात्पुरता कागद बघून विद्यापीठ म्हणतं, दत्तात्रय नावाची कुणी आमच्याकडे कामाला नाही. एक तारखेपासून मुक्ताचा पगार थांबलाय. तो गोप कर उकळायला का होईना, दारात येऊन माणसं मोजत असेल. तिकडे माणूस समोर बसलाय, पासपोर्ट हातात आहे, तरी कागदच खरा!

मी त्या कचेरीला पत्र लिहिलंय. जर्मन येणाऱ्याने ते त्या भाषेत करून द्या, सल्ले देऊ नका. 'नियम' नावाच्या कुणाचं उत्तर मला नको. त्या कचेरीत ज्या हाताने माझ्या नातीच्या आडनावाच्या जागी माझ्या लेकाचं नाव लिहिलं, त्याच हाताने उत्तर लिहायचं, आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव घालायचं.