कोरसमधला केरू

केरू खरात याने आयुष्यात दोन गोष्टी मन लावून केल्या. दिवसा एसटीच्या वर्कशॉपात गाड्यांचा चेपलेला पत्रा सरळ केला आणि सुट्टीच्या दिवशी गायन पार्टीत कोरस धरला. पत्र्याची पेन्शन मिळते, कोरसची मिळत नाही. तरी नवा माणूस भेटला की केरू स्वतःची ओळख कोरसवाला अशीच करून देतो.

माण तालुक्यात दहिवडीच्या अलीकडे त्याचं गाव. जोतीराम हा पार्टीचा मुख्य गायक. जोतीरामने ओळ टाकायची, केरूने कानावर हात ठेवून ती उचलायची, असा त्यांचा जन्माचा करार होता. जोतीरामला ठसका लागला तर केरूही ठसकतो, अशी गावात थट्टा चाले. एका भीमजयंतीला तर जोतीराम गाता गाता माइकवरच म्हणाला, "पाणी आण रं," आणि केरूने डोळे मिटून, सुरात, दोनदा "पाणी आण रं" म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाणी कुणीच आणलं नाही.

घरातही तोच करार. फक्त ओळ टाकायला तिथे त्याची बायको अंजना होती.

"यंदा शेरडं वाढवायची," अंजना म्हणायची.

"वाढवायची," केरू म्हणायचा.

"प्रबुद्धाला शिकायला पुण्याला ठिवायचा."

"ठिवायचा."

या पद्धतीने घराला स्लॅब पडला, मुलगा इंजिनियर झाला, प्रियंका नावाची बँकेतली सून आली. केरूने एकाही गोष्टीला पहिला शब्द काढला नाही आणि एकही गोष्ट अडली नाही. एवढा सुखी माणूस तालुक्यात दुसरा नसेल.

मग पुण्यात नात झाली. मैत्री तिचं नाव. अंजना सव्वा महिन्यासाठी म्हणून गेली. सव्वा महिना संपला, प्रियंकाची रजा संपली, अंजनाची काही संपली नाही. मैत्री पालथी पडली, रांगली, चालली, आणि आता ती आजीला "अंजे" म्हणून हाक मारते, तरी आजी तिकडेच. केरूही मध्ये आठ दिवस जाऊन आला. चौथा मजला, हॉल, स्वयंपाकघर आणि झोपायची एक खोली. केरूची झोप सोफ्यावर, आणि सोफा टीव्हीसमोर. शेरडं सोसायटीत चालत नाहीत. केरूही तिथे फारसा चालला नाही. त्याच्या खोकल्याला समोरच्या फ्लॅटचं दार लागायचं. तो परत आला, कारण शेरडांकडे बघायला कुणी नव्हतं. असं तो सांगतो.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल येतो. पडदाभर मैत्री असते: कधी नाक, कधी टाळू, कधी जिभेवरचं बिस्किट. अंजना म्हणजे कोपऱ्यात दिसणारं एक कोपर आणि दोन बांगड्या.

"जेवला का?" बांगड्या विचारतात.

"जेवलो."

"काय जेवला?"

"जेवलो की."

या दिवसांतच ते गाणं त्याच्या मागे लागलं. खरं तर गाणं जुनंच. कुठल्याशा पडेल सिनेमातलं. सिनेमा दोन आठवड्यांत उतरला, गाणं मात्र लोकांच्या तोंडी राहिलं. "दार कुणी वाजवा रे, मी आत आहे अजून," अशी त्याची सुरुवात. खोलीत एकटा पडलेला माणूस आधी गिटारवर पुटपुटतो, मग ड्रम फुटतात, आणि शेवटच्या कडव्यात तो "अजून" हा शब्द असा काही वर नेतो की ऐकणाऱ्याने श्वास धरावा. जोतीराम भीमगीतं झाली की फर्माइशीला ते म्हणायचा. केरू मागे "अजून, अजून" करत राहायचा. आता जोतीराम वारला होता, जयंतीला डीजे आला होता, पार्टीची पेटी कुणाच्या तरी माळ्यावर होती.

पण गाण्याला मरण नव्हतं. मोबाइलवर ते जो तो म्हणत होता. आटपाडीच्या एका बेंजो पार्टीने ते वरातीच्या ठेक्यावर बसवलं आणि नवरदेवासमोर पोरं "मी आत आहे अजून" वर कमरेतून वाकून नाचली. विट्याच्या ब्रासबँडने शब्द टाकून दिले. त्यांचा क्लॅरनेटवाला "अजून" च्या जागी डोळे बाहेर येईस्तोवर फुंकायचा. खंडाळ्याच्या एका डीजेने मध्ये दार वाजवल्याचा आवाज भरला. त्यामुळे गावातल्या म्हाताऱ्या तीनदा उठून दार उघडून आल्या. भजनी मंडळाने खोलीतल्या माणसाच्या जागी आत्मा घातला. एका उमेदवाराने स्वतःला घातलं: कधीही दार वाजवा, मी आतच आहे. निवडून आल्यावर तो आत नव्हता ही गोष्ट निराळी.

केरूने हे सगळे प्रकार मोबाइलमध्ये साठवले होते आणि कामं त्यांना वाटून दिली होती. भजनाच्या चालीवर तो शेळीची धार काढायचा, ब्रासबँडवर भाकरी थापायचा. ती क्लॅरनेटसारखीच कडेला फाटायची. बेंजोवर झाडलोट. आणि प्रत्येक गाणाऱ्याच्या मागे, ओळ संपली की, कोरस. घरातून चोवीस तास दोन माणसांचा आवाज यायचा. शेजारणीला वाटायचं, पाहुणे आलेत.

दहिवडीत निवृत्त मंडळींचा एक कराओके क्लब आहे. दर रविवारी मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये रक्तदाब, मधुमेह आणि मोतीबिंदू एकत्र जमून प्रेमगीतं म्हणतात. कृषी खात्यातून निवृत्त झालेले नाथाजीराव त्याचे सचिव. त्यांनी केरूला एकदा एसटी स्टँडवर गुणगुणताना धरलं आणि क्लबात आणलं. माइक हातात दिला. वाद्यांचा ट्रॅक सुरू झाला, पडद्यावर शब्द आले, ओळीचा रंग बदलत बदलत टोकाला गेला. केरू अदबीने उभा होता. ओळ संपली तसा त्याने कानावर हात ठेवला आणि ती सुरेल उचलली. तोवर पडद्यावर दुसरी ओळ निम्मी झाली होती.

"केरू, गाडी सुटल्यावर हात करतोयस गड्या," नाथाजीराव म्हणाले.

"पयली ओळ कोण म्हणणार?" केरूने विचारलं.

"तूच."

"आन् मग माजी?"

हॉल पोट धरून हसला. केरूही हसला. पण पुढच्या रविवारी तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. एकट्याने सुरुवात करायची म्हणजे त्याच्या छातीत नुसता वारा भरायचा, आवाज यायचा नाही. "येईल रं," नाथाजीराव धीर द्यायचे, आणि सगळ्यांच्या नंतर, चहाच्या आधी, त्याचा नंबर लावायचे.

एप्रिल आला. जयंतीला अंजना गावी येणार होती, चार दिवस. केरूने यावेळी मनाशी काहीतरी पक्कं केलं होतं. तो तिला "ऱ्हा आता" म्हणणार होता. शब्द दोनच होते, पण ते पहिले होते. त्याने शेरडांवर सराव केला. पाटीत पाला टाकून, डोळ्याला डोळा भिडवून, "ऱ्हा आता" असं तो प्रत्येकीला म्हणाला. सगळ्या राहिल्या. त्याला हुरूप आला.

अंजना आली. पुण्याने तिला थोडी गोरी आणि बरीच घाईची केली होती. "बरं" च्या जागी ती "ओके" म्हणत होती. घरात पाय ठेवल्या ठेवल्या तिने मोबाइल बंद केला.

"कोन केकाटतंय ही?"

"आटपाडीची पार्टी."

"भाकरी खाता का नुसती गाणीच खाता? हाडं निघाल्यात."

जयंती झाली. पांढरं लुगडं नेसून अंजना मिरवणुकीत चालली, बायांनी तिला गराडा घातला, आणि केरू मागून तिच्या चपलेकडे बघत चालला. "ऱ्हा आता" साठी मोकळी जागा काही सापडेना. पहिला दिवस पाहुण्यांत गेला. दुसऱ्या दिवशी गोधड्या धुतल्या. तिसऱ्या दिवशी क्लबचा वर्धापनदिन होता आणि पत्रिकेवर केरूचं नाव छापलेलं होतं.

अंजना पहिल्या रांगेत बसली. केरू माइकपाशी गेला. गिटार टिंगटिंगली. पडद्यावर "दार कुणी वाजवा रे" रंगत गेलं आणि रंगून संपलं. केरूने तोंड उघडलेलं होतं. मागे कुणीतरी खोकलं. नाथाजीराव रिमोट शोधायला लागले. पुन्हा सुरुवातीपासून ट्रॅक लावला. केरूने पुन्हा श्वास घेतला आणि पुन्हा थांबला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. माइक नाही, काही नाही. डोंगरावरच्या शेरडांना हाक मारायचा आवाज. अंजना बसल्या जागी म्हणाली, "दार कुणी वाजवा रे..." आणि केरूचा हात आपोआप कानाकडे गेला.

मग ते गाणं तसंच झालं. ती टाकत होती, तो उचलत होता. ट्रॅक कुठल्या कुठे गेला, नाथाजीरावांनी तो बंदच करून टाकला. शेवटच्या कडव्यात "अजून" वर जाताना अंजनाचा आवाज अर्ध्यात फाटला. केरूला तो सूर सहज जमला असता. पण त्याने ओळ जशी आली तशी घेतली, आणि तोही बरोबर त्याच जागी फाटला.

हॉलमध्ये चष्मे पुसले गेले. नाथाजीरावांनी शाल आणि नारळ काढले, ते खरं तर अध्यक्षांसाठी होते, आणि दोघांना एकत्र उभं करून जाहीर केलं, "गाणं एकटेपणाचं, पण आदर्श जोडी म्हणजे काय ते आज बघितलं." फोटो निघाले. व्हिडिओ निघाला. घरी येईपर्यंत तो पुण्यात पोचलाही होता.

संध्याकाळी अंजना चूल पेटवून बसली. शाल तिने घडी घालून ट्रंकेवर ठेवली होती.

"प्रियंकाचा फोन आलता," ती म्हणाली. "व्हिडिओ बघितला तिनं. म्हणती, आई, आमी लय दिवस तुमाला अडकवून ठिवलंय. तिच्या बँकेजवळ पाळणाघर हाय. म्हणती, तुमाला गावाला ऱ्हायाचं आसंल तर मैत्रीला तितं घालू."

केरूने हातातला पेला खाली ठेवला. शब्द ओठावर आला होता. त्याने श्वास घेतला आणि सवयीने समोरची ओळ पुरी व्हायची वाट बघितली.

ती पुरी झाली नव्हती. "पोरीला माज्याबिगर झोप लागत न्हाई, ही बी खरं," अंजना म्हणाली.

"ही बी खरं," केरू म्हणाला.

"परक्या बायांत कशी ऱ्हायाची ती."

"कशी ऱ्हायाची."

अंजनाने लाकूड पुढे सारलं. मग फोन हातात घेतला, पण लावला नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. भाकरी तव्यावर फुगली, उलटायची वेळ झाली, आणि अंजनाच्या हातची भाकरी त्या दिवशी जळाली.

"मग पाळणाघर नगं म्हणून सांगू?"

"नगं म्हणून सांग."

"ओके," अंजना म्हणाली, आणि फोन घेऊन अंगणात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहिवडी स्टँडवर केरूने तिला खिडकीची जागा पकडून दिली. पिशव्या वर ठेवल्या. खाली उतरून खिडकीखाली उभा राहिला. गाडीच्या पत्र्याला तिथे पोचा पडलेला होता. त्या पोच्यावरून तो अंगठा फिरवत होता.

"काळ्या शेरडीला वला पाला घालू नगा."

"न्हाई घालत."

"लोणचं वरच्या फळीवर हाय."

"हाय."

कंडक्टर चढला. अंजना खिडकीच्या गजाला धरून खाली वाकली.

"काल मला वाटलं हुतं, तुमी नगं म्हणाल."

"कशाला?"

"मी जायाला."

केरू वर बघत राहिला. ही ओळ उचलायची नव्हती. तिला उत्तर द्यायचं होतं आणि ते शेरडांनी ऐकलेलं होतं. ड्रायव्हरने गाडी चालू केली, खिडक्या खडखडायला लागल्या. केरू काहीतरी बोलला.

"आं?" अंजनाने कानामागे हात धरला.

"पोचलीस की फोन कर म्हणलं," केरू ओरडून म्हणाला.

गाडी फाटकातून वळून फलटणच्या रस्त्याला लागली. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. केरूने घाईने काढला. नाथाजीराव होते, आवाजात नुसता उत्साह.

"केरू, कमाल केलीस गड्या. तुमचा व्हिडिओ बघून आटपाडीच्या पार्टीनं रातोरात गाणं दोघांत बसवलंय. एक बाई, एक बुवा. एकट्यानं म्हटलं तर कुणी ऐकायचं न्हाई आता. आन् ऐक, पुढच्या रविवारी शिराळ्याला कार्यक्रम धरलाय. तुमालाच मागितलंय. जोडीनं यायचं."

गाडीचा मागचा पत्रा अजून दिसत होता. पेट्रोल पंपापाशी ती जरा हळू झाली, आणि केरू दोन पावलं पुढे झाला.

"हॅलो? ऐकू येतंय का रं? जोडीनं यायचं."

"जोडीनं यायचं," केरू म्हणाला.