टाळ्यांचं कोर्ट

विनायक देशकर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आला तो फाइल घेऊन. निळी, प्लास्टिकच्या कप्प्यांची. आमटी गार होईपर्यंत त्याने मला शाळेतल्या चित्रकलेच्या परीक्षेपासून एम.टेक.पर्यंतची सगळी सर्टिफिकेटं दाखवली. प्रत्येकामागे तीन झेरॉक्स. "काका, माणूस खोटं बोलते. कागद नाही बोलत," तो म्हणाला.

मूळचा नागपूरचा, अमेरिकेत एडिसनमध्ये काही वर्षं काढून आमच्या इथल्या गावात आलेला. डेटाबेस सांभाळायचा. घटस्फोट झालेला, मुलगी सई रविवारी त्याच्याकडे यायची. त्याला बायपोलर हा मनाचा आजार आहे, हे आम्हाला पोलिसांकडून कळलं. गोळ्या परस्पर बंद करून पाच दिवस न झोपलेला विनायक भर दुपारी एका अनोळखी घरात शिरला, हे माझंच घर म्हणून बसून राहिला आणि उठवायला आलेल्या पोलिसाला त्याने ढकललं. सईचं रविवारी येणं बंद झालं.

तुरुंग टाळायचा तर एक मार्ग होता. अशा आजारी आरोपींसाठी वेगळं कोर्ट असतं. आधी गुन्हा कबूल करायचा, मग दीड वर्ष उपचार आणि दर गुरुवारी हजेरी. पुरं केलं की केस रद्द. "काही घडलंच नव्हतं, असं होईल," सरकारने दिलेला वकील म्हणाला. विनायकने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कर सही." त्याला ग्रीन कार्ड, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळून तीनच वर्षं झाली होती. त्याचा विचार त्याने केला नाही, मी केला नाही, आणि ज्याचं ते कामच होतं त्या वकिलानेही केला नाही.

त्याला गाडी चालवायला बंदी होती, म्हणून दर गुरुवारी मी नेत असे. तिथे आठवडाभर गोळ्या घेतल्या की जजबाई टाळ्या वाजवत. मग कारकून, पोलीस, वकील, सगळे. वर काचेच्या वाडग्यातून एक चॉकलेट. पंचेचाळीस वर्षांचा एम.टेक. माणूस रांगेत उभा राहून चॉकलेट घेई आणि गाडीत अर्धं मला देई. "हसू नका काका. या लोकांनी मला रविवार परत दिला." ते खरं होतं, म्हणून मी माझं अर्धं खाऊन टाके.

शेवटच्या दिवशी जजबाई उच्चासनावरून खाली आल्या, हात मिळवला, सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट दिलं. सईने जोरजोरात टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. संध्याकाळपर्यंत तीन झेरॉक्स तयार होत्या.

पुढे नागरिकत्वाच्या मुलाखतीला तो निळी फाइल घेऊनच गेला. कधी गुन्हा कबूल केलाय का, असं अधिकाऱ्याने विचारताच त्याने अभिमानाने सोनेरी शिक्का पुढे केला. अधिकाऱ्याने झेरॉक्स ठेवून घेतली. एका कोर्टाने केस पुसली होती, पण इमिग्रेशनच्या कायद्याला केस रद्द झालेली दिसत नाही, दिलेली कबुली तेवढी दिसते. बरं झाल्याचं प्रशस्तिपत्र सरकारने त्याच्याचविरुद्ध पुरावा म्हणून लावलं. त्याला पकडून डिटेन्शनमध्ये, इमिग्रेशनच्या कोठडीत, टाकलं आणि पहिले नऊ दिवस गोळ्याच दिल्या नाहीत. ज्या देशाने गोळ्यांसाठी दीड वर्ष टाळ्या वाजवल्या, त्याच देशाने.

त्याला नागपूरला पाठवलं. सईचे रविवार गेले. फाइल माझ्याकडे राहिली.

एका गुरुवारी मी ती घेऊन कोर्टात गेलो. जजबाईंनी ओळखलं. "विनायक कसा आहे?"

"देशाबाहेर काढला. तुमचं सर्टिफिकेट दाखवून."

त्यांचा चेहरा उतरला. "आय ॲम सो सॉरी," त्या म्हणाल्या, आणि ते मनापासून होतं. त्याचाच मला जास्त राग आला. पुढचं नाव पुकारलं गेलं. एक नवा, सावळा माणूस कबुलीच्या कागदावर वाकला होता. मी उठून ओरडलो, "सही करू नकोस! आधी यांना विचार, ग्रीन कार्डाचं काय होईल!" मी हे मराठीत ओरडलो. मग इंग्रजीत. तोवर पोलिसाने माझा दंड धरला होता. मागे दार लागलं आणि आत कुणासाठी तरी टाळ्या सुरू झाल्या.

फोनवर विनायकला सगळं सांगितलं.

"त्यानं सही केली काय?"

"माहीत नाही रे. मला हाकललं."

"तुम्हालेही?" तो कितीतरी दिवसांनी हसला. मग म्हणाला, "फाइल सांभाळा काका. सईला द्यायची आहे. पण ते सोनेरीवालं काढून टाका."


मी काढलेलं नाही. तिला तेच आधी दाखवणार आहे.