गळ्याकडे गेलेला हात

आईबरोबर बाजारात गेले होते. मागून मोटरसायकल आली आणि मेथी निवडणाऱ्या एका बाईचा हात चटकन गळ्याकडे गेला. मंगळसूत्रं ओढली जायला लागल्यापासून आमच्याकडे सगळ्याच बायकांचं असं झालंय. पण ही बाई न्यायाधीश आहे. आईचं मंगळसूत्र ओढणाऱ्याला हिनेच जामीन दिला. लॉ कॉलेजात ती आणि मी एका वर्गात होतो. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि मार्कही मलाच जास्त होते. खुर्ची तिला मिळाली.

"त्या जजबाईमुळंच चोर माजलेत," आई रोज म्हणते. जामीन कायद्यानेच मिळतो, चोर काही कोर्टात तयार होत नाहीत, असं मी एकदा समजावलं, तर म्हणाली, "एवढं कळतं, तर तू का नाही झालीस जज?"

तेव्हापासून मला त्या शिव्यांचाही हेवा वाटतो. गावाने माझ्यावर चिडावं, असं माझ्या हातात आहेच काय?

आईने तिला कधी पाहिलेलं नाही. तो हात बघून आई तिच्याजवळ गेली. "पदर घे गं गळ्यावरून, बाळा. दिवस वाईट आहेत."

"हो, मावशी," ती हसून म्हणाली.

घरी रोज शिव्या तिलाच मिळतात. आज आईचं 'बाळा'सुद्धा तिलाच मिळालं.