चहानंतरचे आकडे

"शुक्रवारी कमिटी आहे. तोवर तीन दिवस देतो," असं म्हणून डॉ. केळकरांनी दोन कागद माझ्यासमोर सरकवले.

केळकर आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. एके काळी सोल्डरिंग कसं करायचं हे त्यांना मी शिकवलं होतं. आता मी निवृत्त आहे आणि एरवी आठवड्यातून तीन दिवस नारायण पेठेतून रिक्षा करून लॅबमध्ये जाते. त्यामुळे ते बॉस आणि मी पाहुणी. दोघांनाही हे अजून नीटसं जमत नाही.

पहिला कागद प्रणालीचा होता. ती यवतमाळची, पीएच.डी. करणारी, येरवड्याला खोली घेऊन राहणारी मुलगी. तिनं बनवलेल्या चकतीचा आकडा होता ४१२. दुसरा कागद हिंजवडीच्या एका कंपनीच्या इंजिनियरचा. त्यानं आदल्या आठवड्यात आमच्याच टेबलावर, आमच्याच मीटरनं तीच चकती मोजली होती. त्याचा आकडा ३७८.

"तिनं आकडे फुगवलेत," केळकर म्हणाले.

"फुगवलेत हा निष्कर्ष झाला. निरीक्षण काय आहे?"

"निरीक्षण हे, की आकडे जुळत नाहीत."

"मग तेवढंच म्हणा."

केळकरांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, आपल्या जुन्या सगळ्या चकत्या ३७५ च्या आसपास येतात. हिची एकटीचीच चारशेच्या वर. कंपनीला मी तसं कळवून बसलो, म्हणून तो माणूस बघायला आला. आता मी त्याला काय सांगू? आणि कमिटीला?"

कमिटीपुढे प्रणालीची फेलोशिप वाढवायची की नाही हा विषय होता. तिथे 'आकडे संशयास्पद' एवढे दोन शब्द पुरले असते. फेलोशिप गेली असती, नाव गेलं असतं. आमच्या क्षेत्रात सगळे एकमेकांना ओळखतात. असा शिक्का एकदा बसला की दुसऱ्या गावीही तो आपल्या आधी पोहोचतो.

ईशान, तारा, इथे तुमची आजी थोडं थांबून तुम्हाला ही चकती काय असते ते सांगते. नाहीतर पुढचं सगळं कोरडं वाटेल.

ती काळी असते आणि पेढ्याएवढी. भट्टीत कित्येक दिवस भाजून बनवतात. द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली की ती सुपरकंडक्टर होते, म्हणजे तिच्यातून वीज अडथळ्याशिवाय वाहते. आता तिच्याजवळ मोठा चुंबक आणला, की चुंबकाचं बळ तिच्यात सरसकट शिरत नाही. बारीक बारीक धाग्यांसारखं शिरतं. प्रत्येक धाग्याभोवती वीज गोल फिरत असते, बेसिनमधलं पाणी जाताना फिरतं तशी. म्हणून आम्ही त्यांना भोवरे म्हणतो. एका चकतीत असे असंख्य भोवरे असतात.

मग मोठा चुंबक बंद करायचा. भोवऱ्यांना आता बाहेर पळायचं असतं. पण चकतीत बारीक खोटी, म्हणजे दोष, असतात, कुठे भेग, कुठे वेगळा कण. पदर खिळ्याला अडकावा तसे भोवरे तिथे अडकतात. अडकलेल्या भोवऱ्यांमुळे चकती स्वतःच चुंबक होऊन बसते. जितके जास्त भोवरे धरून ठेवेल, तितकी ती चांगली. ४१२ आणि ३७८ हे त्या धरून ठेवलेल्या बळाचे आकडे. कंपनीला अशा चकत्यांवर एक जड चाक हवेत तरंगत फिरवायचं होतं.

मी प्रणालीला बोलावलं. ती आली ती वही छातीशी धरूनच.

"सरांनी सांगितलं?" मी विचारलं.

"हो."

"तुझं काय म्हणणं आहे?"

"मीटरवर जे दिसलं ते लिहिलं." मग एवढ्या दिवसांत प्रथमच तिचं यवतमाळ बाहेर आलं. "मी खोटं काहून लिहू, मॅडम?"

मला त्याचं उत्तर द्यायचं नव्हतं. मला चकती मोजायची होती.

मंगळवारी सकाळी मी स्वतः मोजली. उत्तर ३७८. दुपारी तिला मोजायला सांगितलं आणि शेजारच्या खोलीत जाऊन बसले, उगाच तिच्यावर दडपण नको म्हणून. ती बाहेर आली. ४१२. चकती तीच, मीटर तोच, खोली तीच. केळकरांना कळवलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तुमच्यासमोर नाही मोजली."

हा मुद्दा बरोबर होता. मला राग आला तो त्यामुळेच.

मग मी यादी केली. मला यादीशिवाय विचार करता येत नाही, हे तुमची आई तुम्हाला सांगेलच.

पहिला संशय तिच्या क्लिपवर. चकतीच्या डोक्यावर बळ टिपणारा एक प्रोब ठेवावा लागतो, काडेपेटीच्या काडीएवढा. मोठा चुंबक चालू-बंद केला की थोडी उष्णता होते, नायट्रोजन खदखदतो आणि बुडबुड्यांनी प्रोब हलतो. आम्ही नायट्रोजन शांत होईपर्यंत थांबायचो. प्रणालीनं बुरूड आळीतून बांबूची कामटी आणून तिची चिमट्यासारखी क्लिप केली होती. प्रोब तिच्यात घट्ट बसायचा. मी ती क्लिप लावून मोजलं. ३७८. क्लिप निर्दोष.

मग नायट्रोजनची पातळी. सारखीच. मग प्रोबची वायर. बदलली, फरक शून्य. मोठ्या चुंबकाचा करंट दोघींचा शेवटच्या आकड्यापर्यंत सारखा. बुधवार संपला. यादीतल्या सगळ्या ओळींवर काट मारून झाली होती आणि चकती मात्र माणूस बघून उत्तर देत होती.

गुरुवारी मी यादी घरी ठेवली. स्टूल घेतलं आणि प्रणालीच्या मागे बसले. "तू नेहमीसारखं कर. मी बोलणार नाही," म्हटलं.

"आधीच माझ्याशी बोलला असतात तर बरं झालं असतं, मॅडम," ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली. मला ते आवडलं.

तिनं चकती बुडवली. चुंबक लावला, बंद केला. मीटरकडे पाहिलं, वहीत लिहिलं, ४१२. मी डोळ्यांनी पाहिलं. तिनं पेनाला टोपण लावलं. काहीही लबाडी नाही. माझा एक प्रश्न सुटला आणि दुसरा तसाच राहिला.

तेवढ्यात साखरे दारात आले. साखरे आमचे नायट्रोजन भरणारे. मूळचे हिंजवडीचे. त्यांच्या शेतावर आता दोन इमारती उभ्या आहेत आणि त्यात आयटीतली मुलं भाड्यानं राहतात. तरी साखरे रोज लॅबला येतात, कारण घरी बसलं की बायको कामं सांगते. चहा तेच करतात.

"म्याडम, चहा निवतोय."

"मी येत नाही. तुम्ही घ्या."

साखरे जागचे हलले नाहीत. "तब्येत बरी हाय ना?"

"बरी आहे."

"न्हाय, तीस वर्सात पयल्यांदाच आयकतोय म्हनून इचारलं."

ते गेले. खरं सांगते, मी थांबले ते काही सुचलं म्हणून नाही. हट्टानं थांबले. प्रणाली भांडी आवरायला लागली. मी तिला म्हटलं, चकती काढू नकोस. आणि मग करायला काही नव्हतं म्हणून मीटरकडे बघत बसले.

मीटरवर ४०५ होता.

मी चष्मा नीट केला. थोड्या वेळानं ४०४.

"प्रणाली, घड्याळ बघ. चुंबक बंद करून किती वेळ झाला?"

"दोन-अडीच मिनिटं."

"लिही."

पाचव्या मिनिटाला ३९५. दहाव्या मिनिटाला ३८८. आता आकडा हळू उतरत होता, पण उतरत होता. आम्ही दोघी स्टुलावर शेजारी बसून होतो. पलीकडच्या खोलीतून कपबशांचा आवाज येत होता, मग हसण्याचा, मग कप धुण्याचा. साखरे कप हुकांना अडकवू लागले आणि मी मीटरवर वाचलं, ३७८. पंचवीस मिनिटं.

प्रणालीनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे.

आमच्या चहाच्या खोलीत पाच हुक आहेत, पाच कप आहेत, प्रत्येकावर नाव आहे. प्रणाली चहा पीत नाही. पहिल्या दिवशी तिनं तसं सांगितलं आणि आम्ही तो विषय तिथेच संपवला. बस म्हणावं असंही कोणाला सुचलं नाही. मलाही नाही. आम्ही उठलो की ती काम करायची.

आमची रीत अशी होती. चुंबक बंद करायचा, नायट्रोजन शांत होईपर्यंत थांबायचं. थांबायचंच आहे तर चहा घ्यायचा. वर्षं गेली तशी थांबण्याची आठवण गेली आणि चहा उरला. कंपनीचा इंजिनियर आला तेव्हा आम्ही त्यालाही आग्रहानं चहाला नेलं. म्हणून त्याचा आकडा माझ्यासारखा आला. प्रणालीच्या क्लिपमुळे प्रोब हलत नव्हता, तिला थांबायचं कारणच नव्हतं. ती लगेच वाचायची.

आणि भोवरे थांबत नाहीत. अडकलेले असले तरी चकतीत फिरणारी वीज त्यांना ढकलत असते, थोडी ऊब त्यांना हलवत असते. एखादा सुटतो, पुढच्या खोटीला अडकतो, पुन्हा सुटतो. लग्नाचं जेवण झाल्यावर पाहुणे जातात ना, तसं. सुरुवातीला भराभर जातात आणि शेवटचे काही निरोप घेत दारात तासभर उभे राहतात. चकतीतून फार भोवरे जात नाहीत, पण जाण्याची चाल तीच.

मला हे माहीत नव्हतं असं समजू नका. मी हे शिकवलेलं आहे. फळ्यावर आकृतीसकट.

त्या दुपारी मी माझी जुनी रजिस्टरं काढली. तारीख, तापमान, करंट, नायट्रोजनची पातळी, मोजणाऱ्याची सही. नायट्रोजन कोणी भरला त्याचीसुद्धा सही. रकाने मीच पट्टीनं आखलेले. चुंबक बंद केल्यावर किती मिनिटांनी वाचलं, हा रकाना एकाही पानावर नव्हता.

शुक्रवारी कमिटीच्या आधी मी केळकरांकडे गेले. गुरुवारच्या आकड्यांचा आलेख समोर ठेवला.

"तिचा आकडा बरोबर आहे. कंपनीचाही बरोबर आहे. रजिस्टर चुकलंय, आणि रजिस्टर माझं आहे."

त्यांनी आलेख बराच वेळ पाहिला. "म्हणजे आपले आजवरचे सगळे आकडे..."

"चहानंतरचे आहेत."

"आणि मी पेपरात छापलेले?"

"तेसुद्धा. एकमेकांशी जुळतात, कारण साखरे वेळेचे पक्के आहेत."

केळकर हसले नाहीत. आलेखाची घडी घालत म्हणाले, "हे कमिटीत तुम्ही सांगणार की मी?"

"मी. रकाने मी आखलेत."

आत मी पाच मिनिटं बोलले. एका सदस्यांनी विचारलं, "आपण इतकी वर्षं मोजमाप करताय, हे लक्षात कसं आलं नाही?" मी म्हटलं, "इतकी वर्षं करतेय म्हणूनच." फेलोशिप वाढली. केळकरांनी प्रणालीला खोलीत बोलावून, दार उघडं ठेवून, "माझी चूक झाली," असं सांगितलं. दार उघडं ठेवलं ते मला बरं वाटलं.

पण गोष्ट इथे गोड करून संपवता येत नाही. आम्ही आमची जुनी एक चकती काढली आणि पहिल्याच मिनिटाला मोजली. ४०८. म्हणजे प्रणालीची चकती किंचित सरस होती, पण बातमी होण्याइतकी नाही. केळकरांनी कंपनीला तसं पत्र लिहिलं.

प्रणाली तो आकडा बघत उभी राहिली. "म्हणजे मॅडम, मी चोर नाही, पण हुशारही नाही."

"एका आठवड्यात एकच सिद्ध होतं," मी म्हटलं. "दुसऱ्याला थीसिस लिहावा लागतो."

तिनं तो त्याच विषयावर लिहायला घेतला आहे, भोवरे कसे आणि किती वेगानं निसटतात यावर. कंपनीच्या त्या इंजिनियरलाही आता तेच हवं आहे. त्याचं चाक वर्षानुवर्षं तरंगायचं आहे. पहिल्या मिनिटाचा आकडा त्याला नुसता बघायला कामाचा.

नवीन रजिस्टर प्रणालीनं आखलं. त्यात मिनिटांचा रकाना पहिला आहे. साखऱ्यांनी चहाच्या खोलीत सहावा हुक ठोकला आणि तिचं नाव लिहिलं. ती अजूनही चहा पीत नाही. पण आता येऊन बसते आणि आमच्या हिंजवडीच्या जमीनदारांकडून भाडेकरूंच्या गोष्टी ऐकते. तिच्या हुकाला स्टॉपवॉच असतं. चहाला येताना ती ते चालू करून आणते आणि आमचं बोलणं कितीही रंगलं तरी वेळ झाली की उठवते.

मुलांनो, वहीत काय लिहिलंय ते कोणीही तपासतं. काय लिहायचं राहिलंय ते बघायला आपल्या चहाला न येणारं माणूस लागतं. असं माणूस असेल तर त्याला आधी बसायला खुर्ची द्यावी. आम्ही दिली, पण आधी तिला तीन दिवस चोर ठरवून.